चौऱ्यांशी लाख पत्ते आणि एक नाडी

दिवाळीनंतरचा वीकांत म्हणजे आमच्याकडे मंडईचा वीकांत. 'आमच्याकडे' म्हणजे आईच्या माहेरी, आसगावला. जिल्हा भंडारा, तालुका पवनी. पुण्यात कोणी विचारलं तर मी 'नागपूरजवळ' म्हणून मोकळा होतो. उमरेड, भिवापूर, पवनी अशी पुढची यादी सांगेपर्यंत समोरच्याचा रस संपलेला असतो.

मंडई म्हणजे भाजी मंडई नव्हे हो. धानाच्या दिवसांत, दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडार, रात्री नाटक. लेकी-जावई, मामे-मावस सगळे जमतात. आणि एवढे नातेवाईक एका जागी आले की मधल्या वेळात दुसरं काय होणार? सोयरिकी!

तर झालं असं. मावशीच्या ओसरीवर पोह्यांच्या बश्या फिरत होत्या आणि एक दूरचे मामाजी (निवृत्त मास्तर, माणूस अत्यंत प्रेमळ) मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून आम्हाला वाचून दाखवत होते. मजकूर थोडक्यात असा: पत्रिकेतली नाडी म्हणजे आजचं जेनेटिक्स. एक नाडी म्हणजे सारखा डीएनए, म्हणून संतती सदोष. गोत्र म्हणजे वाय क्रोमोसोम. पाश्चात्त्यांना जे आत्ता कळलं ते आपल्याला हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. वगैरे वगैरे.

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काऊन रे, तुमच्या इंजिनियरिंगात हे शिकवत नाही का?"

मी हसलो आणि पोहे खाल्ले. मोठ्या माणसाशी ओसरीवर वाद घालायचा नसतो. पण नागपूर-पुणे प्रवासात ते डोक्यातून गेलं नाही. कारण हा फॉरवर्ड मामाजींना गावातल्या कोणी पाठवला नव्हता, तो पुण्यात आयटीत काम करणाऱ्या त्यांच्या भाच्याने पाठवला होता. म्हणजे आपल्यातल्याच कोणीतरी! म्हणून हा लेख मामाजींसाठी नाही. तुमच्या-माझ्यासाठी आहे.

(डिस्क्लेमर: मी डॉक्टर नाही. बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला माणूस आहे. गेले तीन वीकांत मात्र मन लावून वाचन केलं आहे.)

आधी मूळ यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे नाडीला त्यात कुठे जागा आहे का ते तपासता येईल.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रं असतात, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. कातडी वाढते, जखम भरते तेव्हा पेशी सरळ कॉपी-पेस्ट करते. सगळ्या 46 ची नक्कल काढायची आणि दोन सारख्या वाटण्या करायच्या. पण मूल जन्माला घालायचं तर हे चालणार नाही. 46 वाली अंडपेशी आणि 46 वाली शुक्रपेशी भेटल्या तर पोरात 92, नातवात 184, पणतूपर्यंत मेमरी फुल :)

म्हणून लैंगिक पेशी बनवताना वेगळी प्रोसेस चालते. शाळेत आपण तिला 'अर्धसूत्री विभाजन' म्हणून पाठ केलं आणि पाच मार्कांचं उत्तर लिहून विसरून गेलो. इंग्रजीतून आलेला शब्द मायोसिस. तो 1905 साली फार्मर आणि मूर या दोघांनी रूढ केला. यातली मेख एका ओळीत सांगायची तर: नक्कल एकदा, विभागणी दोनदा. त्यामुळे शेवटी हातात येतात 23.

पण खरी गंमत निम्मे करण्यात नाही. ती निम्मे *कसे* करतात यात आहे.

पहिली गोष्ट. विभागणीच्या आधी प्रत्येक जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना शोधतात, शेजारी शेजारी चिकटतात आणि चक्क तुकड्यांची अदलाबदल करतात. याला म्हणतात क्रॉसिंग ओव्हर. म्हणजे मी माझ्या मुलाला जे अकरा नंबरचं गुणसूत्र देईन ते धड माझ्या आईचं नसेल आणि धड बाबांचंही नसेल. दोन धोतरं मध्ये फाडून शिवलेलं एक, असं काहीतरी असेल. आणि ही हौस नाही बरं का. प्रत्येक जोडीत निदान एक तरी अशी गाठ बसावी लागते, नाहीतर पुढे वाटणीच चुकण्याची भीती.

दुसरी गोष्ट. मग या जोड्या पेशीच्या मधोमध रांगेत उभ्या राहतात आणि जोडीतलं एक इकडे, एक तिकडे जातं. कोणतं इकडे जाणार? नाणेफेक. आणि एका जोडीच्या नाणेफेकीचा दुसऱ्या जोडीशी काही संबंध नाही. 23 जोड्या, 23 स्वतंत्र नाणी. दोनाचा तेविसावा घात काढा: 83,88,608.

राउंड ऑफ केलंत? चौऱ्यांशी लाख!

थांबा, थांबा. मला माहीत आहे तुमच्यातल्या काहींचा हात मोबाइलकडे गेला. 'चौऱ्यांशी लक्ष योनी' आणि मायोसिसची आकडेमोड जुळली, आता फॉरवर्ड बनवू... कृपा करून नको. हा निव्वळ योगायोग आहे. माणसाच्या 23 जोड्या आहेत म्हणून हा आकडा आला. काकांच्या शेतातल्या धानाच्या 12 जोड्या असतात, तिथे उत्तर येतं 4,096. आकडा जुळला म्हणून अर्थ जुळत नाही. आणि क्रॉसिंग ओव्हर धरलं तर 84 लाख हा आकडाही फार तोकडा पडतो. ते न धरता, नुसती आई-बाबांची नाणी एकत्र केली तरी एका जोडप्याच्या संभाव्य मुलांची संख्या जाते 70 लाख कोटींवर. म्हणून सख्खी भावंडंही एकसारखी निघत नाहीत.

हे मी काकांना (म्हणजे मावशीच्या यजमानांना) सांगत होतो तेव्हा त्यांनी मान डोलावून विचारलं, "म्हणजे हायब्रीड धानासारखं?" मी चाट! अगदी तेच. सुधारित वाणाचं धान घरचं बियाणं म्हणून ठेवता येतं, कारण धान स्वतःच्याच परागावर पिकतं आणि पिढ्यान् पिढ्या तसं झाल्यामुळे त्याच्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं जवळजवळ सारखीच झालेली असतात. पत्ते कितीही पिसा, दोन्ही बाजूंना तेच पत्ते. हायब्रीड मात्र दोन वेगळ्या वाणांचं पहिलं पोर. त्याचं बी पेरलं की पत्ते पिसले जातात आणि शेतात एक रोप उंच, एक बुटकं, एक आधी लोंबीवर, एक मागाहून. म्हणून दरवर्षी नवी पिशवी विकत घ्यावी लागते. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मायोसिस शब्द माहीत नसेल, पण त्याचं बिल तो दर खरिपाला भरतो.

आता वळूया नाडीकडे.

नाडी ठरते कशावरून? जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून. 27 नक्षत्रं, तीन नाड्या (आद्य, मध्य, अंत्य), प्रत्येकीत नऊ. 36 पैकी सगळ्यात जास्त, 8 गुण नाडीला. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी नागपुरात, नैरोबीत आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या यच्चयावत बाळांची नाडी एकच. आणि कुठल्याही दोन माणसांची नाडी एक निघण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक. म्हणजे 'सारखा डीएनए' असलेले लोक जगात तीनात एक! हे कुठलं जेनेटिक्स?

पण माझा खरा मुद्दा वेळेचा आहे. पत्रिका मांडतात जन्मवेळेवरून. मायोसिसची नाणेफेक कधी होते ठाऊक आहे?

बाबांकडची त्या मानाने ताजी. पुरुषात वयात आल्यापासून हे काम अखंड चालतं, एका शुक्रपेशीला तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. आईकडची गोष्ट मात्र भलतीच जुनी. बाईच्या अंडपेशी हे विभाजन सुरू करतात ती बाई स्वतः आईच्या पोटात असताना. तिथेच जोड्या जुळतात, तिथेच तुकड्यांची अदलाबदल होते आणि मग काम थांबतं. वर्षानुवर्षं पॉज. पुढची विभागणी होते थेट त्या महिन्यात, अंडपेशी बाहेर पडायच्या वेळी. आणि शेवटची विभागणी पूर्ण होते शुक्रपेशी आत शिरल्यावर. म्हणजे ज्या अंडपेशीपासून मी झालो, तिच्या पत्त्यांची कापाकापी झाली तेव्हा माझी आई आसगावात आजीच्या पोटात होती, आणि आजी बहुधा बांधीत रोवणी करत होती. माझा जन्म त्यानंतर पंचवीस वर्षांनी. माझ्या जन्मवेळच्या चंद्राने त्यात काय दिवे लावले असतील?

बरं, तर्क सोडा. आमच्या घरातच पुरावा आहे. मावशीला जुळी आहेत. एक मुलगी, एक मुलगा, अकरा मिनिटांचं अंतर. रास तीच, नक्षत्र तेच, चरण तोच, नाडी अर्थात तीच. पत्रिका अक्षरशः कॉपी-पेस्ट. पण जुळी असली तरी दोघं दोन वेगळ्या अंडपेशी आणि दोन वेगळ्या शुक्रपेशींपासून झालेली, म्हणजे नाणेफेक वेगळी. शाळेत असताना तपासणी शिबिर झालं होतं, त्याचे कागद मावशीने रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेत. मुलगी: एएस. मुलगा: एए.

विदर्भातल्या वाचकांना ही अक्षरं लगेच कळली असतील. बाकीच्यांसाठी: सिकलसेल.

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवण्याची रेसिपी अकरा नंबरच्या गुणसूत्रावर असते. त्या जनुकात एकच अक्षर बदललेलं, 'ए' च्या जागी 'टी'. तेवढ्याने प्रोटीनच्या साखळीतला सहावा मणी बदलतो आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. एका कॅरेक्टरचा बग, पण प्रॉडक्शनमध्ये. जोडीतलं एकच गुणसूत्र असं असेल तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. तो सहसा ठणठणीत असतो, आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही तशी असतील तर 'एसएस', म्हणजे आजार. रक्त कमी, जंतुसंसर्ग, आणि सांध्या-हाडांमध्ये अशा कळा की पोरगं रात्र रात्र ओरडतं. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधांनी आज बराच फरक पडतो, पण दुखणं जन्माचं.

ही काही नवी बातमी नाही. भारतात पहिली नोंद 1952 ची, निलगिरीतली. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिलं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा यात येतो. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी करून आयुष्य या कामात घातलं, त्यांना 2018 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 1 जुलै 2023 ला केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम सुरू केली: 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन.

आता मंडईतल्या त्या सोयरिकीकडे येतो. स्थळ मावशीच्या मुलीला होतं. मुलगा लाखनीकडचा, सरकारी नोकरी, 29 गुण जुळले, नाडी भिन्न. मामाजींच्या भाषेत 'डीएनए वेगळे', सगळं फर्स्ट क्लास. मध्यस्थाने जवळजवळ तारीखच काढली होती. आणि मावशीने पिशवीतून तो कागद काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. म्हणाली, "पोरगी एएस आहे. तुमच्या पोराचं तपासलं का?"

ओसरीवर एकदम शांतता. मध्यस्थ कुजबुजला, असं भर बैठकीत विचारायचं नसतं, मुलीत खोट आहे असं वाटेल. मावशी सातवी शिकलेली. ती म्हणाली, "खरं आहे ते सांगाव लागते ना बाप्पा. उद्या लेकरू रातभर रडन, तं नाडी येईन का धावून?"

मुलाकडची माणसं चांगली निघाली. आठवड्यात तपासणी केली. मुलगाही एएस.

दोघांनी पुढे काय ठरवलं ते मी इथे लिहिणार नाही, ती त्यांची गोष्ट आहे. दोघं जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशकाकडे बसून आली, काय काय पर्याय आहेत ते त्यांनी समजून घेतलं. माझं म्हणणं एवढंच की ठरवताना त्यांच्या हातात कामाचा कागद होता. 29 गुणांच्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

या निमित्ताने ओसरीवर आणि नंतर पुण्यात हापिसात जी मुक्ताफळं ऐकली त्यांचाही समाचार घेतो.

*'चारात एक' म्हणजे काय.* दोघंही एएस असतील तर प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन, एए होण्याची चारात एक. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण पुढे लोक म्हणतात, "पहिलं आजारी निघालं ना, मग आता पुढची तीन चांगली." अरे, रेशनचा कोटा आहे का? मायोसिस हे स्टेटलेस फंक्शन आहे. मागच्या कॉलला काय रिटर्न केलं ते त्याला आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात पत्ते नव्याने पिसले जातात आणि प्रत्येक वेळी शक्यता चारात एकच राहते. अशा जोडप्याला चार मुलं झाली तर बरोबर एकच आजारी असण्याची शक्यता फक्त 42 टक्के. चारही आजारमुक्त असण्याची सुमारे 32 टक्के. उरलेल्या 26 टक्क्यांत दोन किंवा जास्त. आणि दोनच मुलं झाली तर निदान एक आजारी असण्याची 44 टक्के. हा गैरसमज गणितातला छोटा घोटाळा नाही. त्याच्या भरवशावर लोक दुसरा चान्स घेतात.

*'गोत्र म्हणजे वाय क्रोमोसोम.'* बापाकडून मुलाकडे जातं एवढ्यापुरतं साम्य आहे, मान्य. पण वाय हे 46 पैकी एक गुणसूत्र, आकाराने चिमुकलं आणि जनुकं हाताच्या बोटांवर नसली तरी फार थोडी. सिकलसेल अकरावर. बीटा थॅलसेमिया अकरावर. ही गुणसूत्रं आईकडून, आजीकडून, आजीच्या आईकडून येतात, ज्यांचं गोत्र लग्नाच्या दिवशीच बदलून टाकलेलं असतं. जवळच्या नात्यात लग्न नको हा विचार चांगलाच आहे. पण गोत्र वेगळं म्हणून मामाची मुलगी चालते असं म्हणणाऱ्या महाराष्ट्रात गोत्राला जेनेटिक्स म्हणणं हा विनोद आहे. आणि पुन्हा लग्न त्याच जातीत, त्याच पोटजातीत, त्याच चार तालुक्यांत! एकीकडे पत्ते वेगळे हवेत म्हणायचं आणि दुसरीकडे जोड तोच वापरायचा.

*'खानदानी रक्त.'* यावर एकच सांगतो. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे एकही गुणसूत्र नसतं. तुमच्या खानदानाची माहिती ज्या पेशीत अजिबात नाही ती हीच :)

*'हा त्या लोकांचा आजार.'* हे वाक्य पुण्यात एका सहकाऱ्याने म्हटलं आणि मला राग आला. सिकलसेल अनेक आदिवासी आणि दलित समाजांत जास्त दिसतो, हे खरं. इतर समाजांतही तो आहे. पण का दिसतो? एका एस-प्रतीमुळे हिवतापाच्या जीवघेण्या रूपापासून बरंच संरक्षण मिळतं. हाल्डेनने 1949 साली थॅलसेमियाबद्दल असा अंदाज मांडला, 1954 साली ॲलिसनने सिकलसेलबाबत आफ्रिकेत तो दाखवून दिला. म्हणजे जंगलात, डासांत, औषधाविना ज्यांना जगावं लागलं त्यांच्यातली काही लेकरं या अक्षराने वाचवली. त्याची किंमत आज त्यांचीच लेकरं देतात. यात 'खोट' कुठे आली? आणि पुण्या-मुंबईकरांनी नाक वर करू नये. बीटा थॅलसेमियाचे वाहक भारतात साधारण शंभरात तीन-चार आहेत, सिंधी, लोहाणा अशा शहरी समाजांत त्याहून जास्त. सिकलसेल वाहक आणि थॅलसेमिया वाहक यांचं लग्न झालं तरी मुलाला आजाराची शक्यता चारात एक. गुणसूत्र तेच, जनुक तेच. म्हणूनच नुसत्या प्राथमिक चाचणीवर न थांबता एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी, त्यात दोन्ही पकडले जातात.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. माझ्या एका मैत्रिणीने विचारलं, "तू नाडीच्या जागी सिकलसेल आणतोयस. उद्या मंगळाच्या मुलींसारखंच एएस मुलींना नाकारतील, त्याचं काय?"

तिचं म्हणणं बिनबुडाचं नाही. असं होतं, आणि नाकारलं जातं ते मुलीलाच. मुलाचा कागद कोणी मागत नाही. म्हणून माझं उत्तर नीट ऐका. ही परीक्षा एका माणसाची नसते, जोडीची असते. एएस आणि एए यांच्या लग्नात सिकलसेल आजाराचं मूल होण्याचा धोका शून्य आहे. (थॅलसेमियाही नाही ना, हे बघायला तीच एचपीएलसी.) धोका फक्त दोघंही वाहक असतील तेव्हा. त्यामुळे 'एएस मुलगी नको' म्हणणारा माणूस जेनेटिक्स वापरत नाही, तो जुनाच दोष नव्या नावाने लावतोय. मुलगी एएस असेल तर मुलाने घरी जाऊन काय करायचं? स्वतःची तपासणी. बस! आणि दोघंही वाहक निघाले तरी ते लग्नच करू शकत नाहीत असं कुठल्याही शास्त्राने सांगितलेलं नाही. गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेच्या पेशी तपासून बाळाचं कळू शकतं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या कायद्यातही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला परवानगी आहे. मूल दत्तक घेता येतं. काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं. पण माहीत नसताना ठरवता येत नाही.

शिवाय ही तपासणी साखरपुड्याच्या तोंडावर करूच नये. तेव्हा इज्जत, हॉलचं बुकिंग, मामांचा मान हे सगळं पणाला लागलेलं असतं. कॉलेजात असताना करा, पहिल्या पगारात करा. आयुष्यात एकदाच करायची आहे, निकाल बदलत नाही.

आता थोडं स्वतःबद्दल. विवाहमंडळाच्या साइटवर माझं प्रोफाइल दोन वर्षांपासून आहे. त्यात उंची, पॅकेज, रास, नक्षत्र, नाडी, मंगळ आहे की नाही, चष्मा आहे की नाही, सगळं भरलेलं. रक्तगटही भरला होता, जणू सारखा रक्तगट असला तर काही बिघडतं. (बिघडत नाही. आरएच निगेटिव्ह आईचा प्रश्न वेगळा, त्यावर वेळेत द्यायचं इंजेक्शन आहे.) आई आसगावची, मावसबहीण एएस, आणि मी एकोणतीस वर्षांचा घोडा, शास्त्र-शास्त्र करणारा, स्वतःची तपासणी केलेली नाही! मावशीने तो कागद बशीशेजारी ठेवला तेव्हा मला खरं म्हणजे मामाजींची नाही, माझी लाज वाटली.

पुण्यात आल्यावर सोमवारी सकाळी रक्त देऊन आलो. गुरुवारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन एस 37 टक्के. मी एएस आहे.

आईला फोन केला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोणाले सांगू नको आता." तिला वाटलं असणार, आपल्याकडून आलं. मी तिला सांगितलं, तुझ्याकडून येणं न येणं हे तू आजीच्या पोटात असताना सुरू झालेल्या एका नाणेफेकीवर होतं, त्यात तुझा काय दोष? तिला पटलं की नाही माहीत नाही. जेवलास का विचारून तिने फोन ठेवला.

काल रात्री प्रोफाइलमधली नाडी आणि मंगळ काढून टाकलं. सिकलसेलसाठी तिथे रकानाच नाही, म्हणून 'माझ्याबद्दल' मध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं: सिकलसेल वाहक (एएस), तब्येत ठणठणीत, समोरच्या व्यक्तीने एचपीएलसी केलेली असावी ही एकच अट. आईला अजून सांगितलेलं नाही. हा लेख मावसबहीण तिला वाचून दाखवेल बहुतेक.

असो. सोमवारी सकाळी हापिसात जायच्या आधी, उपाशी पोटी नसाल तरी चालेल, जवळच्या लॅबमध्ये जाऊन या. आणि मामाजींच्या त्या भाच्याला कोणी ओळखत असेल तर हा लेख त्यालाही पाठवा.

ता. क.: मामाजींचा आज सकाळी मेसेज आला. ती एचपीएलसी कुठे होते म्हणून विचारत होते. त्यांच्या नातवाची सोयरीक बघणं चालू आहे.